सात नंबर

थर्मलची राख परळीत रात्री जास्त उतरते,
म्हणून रंगाचं काम मी पहाटे काढलं.
सायकल उलटी केली, सीट गोणपाटावर टेकवली
आणि एकेक नट सोडवत गेले.
छर्रे लोणच्याच्या बरणीच्या झाकणात, रॉकेलमध्ये:
पुढच्या चाकाचे वीस,
मागच्याचे अठरा.
"नीट मोज," बाजेवरून अप्पा.
"एक जरी गेला तरी चाक बोंबलतंय."

मला मीटर रीडिंगचं काम लागलंय, कंत्राटी.
सोळा गल्ल्या, उन्हाच्या आत.
नवी सायकल घ्यायची तर तीन महिन्यांचा पगार,
आणि ही तर घरातच,
जिची गोष्ट पाहुण्यांना चहाच्या आधी मिळायची:
जिनिंगमधला पहिला पगार,
दांडीला गुंडाळलेला खाकी कागद,
तो फाडायचंसुद्धा अप्पांच्या जिवावर आलेलं.
"कोरी करकरीत," म्हणायचे
आणि त्या शब्दावर
ब्रेक दाबल्यासारखे जरा थांबायचे.

ऐंशी नंबरचा पॉलिशपेपर.
वरचा हिरवा माझ्या दहावीच्या वर्षीचा,
दारं रंगवून उरलेला,
तो पिठासारखा निघाला.
त्याखाली काळा, अप्पांनी स्वतः मारलेला, घाईत.
ओघळ वाळून तसेच राहिलेले,
एका ओघळात ब्रशचा केस.

काळ्याखाली मात्र लाल.
लाल गोष्टीत कुठंच नव्हता.

सीटखालच्या नळीवर
पत्र्याच्या छाप्यातून उठवलेला पांढरा सात,
आणि खाली, अर्धं खरवडलेलं,
'...जीज सायकल टॅक्सी'.

"कामून थांबलीस? गंज हाय का?"
अप्पांचा एक डोळा ऑपरेशनचा,
दुसरा तारखेची वाट बघतोय.
मी म्हटलं, "हाव, गंजच."
पण ते उठले. भिंत धरत आले, उकिडवे बसले,
कालवडीच्या पाठीवरून फिरवावा तसा
हात फिरवू लागले दांडीवरून, चिमट्यावरून,
आणि सातवर आल्यावर
तो हात तिथंच राहिला.

बऱ्याच वेळानं म्हणाले,
"मी रोज परत करत होतो.
जिनिंगचा भोंगा झाला की आधी दुकान, मग घर.
एक दिवस गेलो
तर दुकानच नव्हतं.
फळी नाही, पंप नाही, वहीपण नाही
ज्याच्यात माझं नाव होतं.
आठ दिवस नेऊन उभी केली तिथं, रिकाम्या ओट्यापाशी.
नवव्या दिवशी काळा रंग आणला."

ओट्याखालून मांजर गेलं. कुणाचा तरी कुकर झाला.

"तू आकडे वाचतीस रोज," अप्पा म्हणाले.
"तासाला पंधरा पैसे.
किती झाले असतील?"

मी सांगू शकले असते.
खिशात मोबाइल होता, मोबाइलमध्ये गणित होतं.
मी झाकण पुढं ओढून
छर्रे पुन्हा मोजले.

रेड ऑक्साइड. मग निळा, दोन हात.
झोपाळ्याच्या कडीला फ्रेम तारेनं टांगली,
वरून अप्पांची मच्छरदाणी टाकली
(ते त्या रात्री डास मारत बसले, बोलले काही नाहीत).
सातला मी पॉलिशपेपर लावला नव्हता.
वरून रंग गेला, दिसत काही नाही.
बोट फिरवलं तर कड लागते.
मच्छरदाणी असूनही राख शिरलीच,
दांडीवर बारीक खरखर आहे,
निळ्यात कुणी रवा सांडावा तशी.

तिसऱ्या दिवशी कॅरिअरला डबा बांधला.
गल्लीच्या तोंडापर्यंत घंटी वाजवत गेले असेन,
मागून अप्पांची हाक:
"दिवस मावळायच्या आत ये गं!
पाच मिनिटं जरी वर झाली
तरी अख्खा तास धरतात."